प्रवासातले मित्र गावी येताहेत? अमळनेर एका दिवसात कसं दाखवावं

ट्रेकवर आठ दिवस एकाच तंबूत झोपलेली माणसं वर्षभरानं फोन करतात. "आम्ही सुरतहून भुसावळला चाललोय. तुझं गाव वाटेतच आहे ना? एक दिवस उतरतो." आपण "या या" म्हणतो, फोन ठेवतो आणि मग घाम फुटतो. दाखवायचं काय?

माझे पहिले पाहुणे आले ते मे महिन्यात. मी उत्साहाच्या भरात एका दिवसात सात ठिकाणं लावली होती. दुपारी दोन वाजता पारोळ्याच्या किल्ल्यात पुण्याचा मित्र भिंतीच्या चार बोटं सावलीत आडवा झाला आणि म्हणाला, "मला इथंच सोडून जा." त्याच्याबरोबरच्या मुलीचा फोन तापून बंद पडला होता. संध्याकाळी दोघांना सलाईन लावलं नाही एवढंच नशीब. त्यानंतर बंगळुरू, कोची, कोलकाता अशा ठिकाणची बरीच मंडळी येऊन गेली. चुका करत करत जे बसवलं ते इथे लिहितोय. मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा, म्हणून उदाहरणं अमळनेरची. चोपडा, एरंडोल, धुळे, शहादा, कुठलेही असाल तरी ठिकाणांची नावं बदला, बाकी गणित तेच राहतं.

१. आधी महिना बघा

खान्देशात दिवस आखायचा तो ठिकाणांवरून नाही, उन्हावरून. मार्चच्या मध्यापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी साडेचार हा वेळ नकाशावरून खोडून टाका. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. आपण अंगावर रुमाल टाकून निघतो, आपल्याला सवय आहे. कोचीचा माणूस घामाला सरावलेला असतो, पण कोरड्या झळांना नाही. त्याला घाम येतोय हेच कळत नाही, कारण तो येता येता वाळतो. पाणी प्यायचं राहून जातं आणि माणूस अचानक बसतो.

त्यामुळे पाहुण्यांनी "कधी येऊ?" असं विचारलं तर सरळ सांगा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेतात कापूस वेचणी चालू असते, जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरण्यांकडे, जाणाऱ्या गाड्या कापसानं ओसंडत असतात, वांगी येतात आणि भरताचे बेत होतात. उन्हाळ्यातच येणार असतील तर निदान आखाजीच्या सुमारास बोलवा. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे माहेरवाशिणी आलेल्या असतात, झाडाला झोके असतात, घरात आमरस आणि मांडे असतात. ऊन भाजतं, पण बघायला काहीतरी असतं. त्यानंतर आठच दिवसांनी, वैशाख शुद्ध एकादशीला, अमळनेरात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते. गर्दीची आवड असलेला पाहुणा असेल तर तेव्हाच बोलवा. गर्दीचा त्रास होणारा असेल तर तो आठवडा नक्की टाळा, कारण घरात तुमचेच नातेवाईक मावत नसतात.

२. फोनवर विचारून घ्यायच्या गोष्टी

लाज न बाळगता विचारा:

- तिखट किती चालतं? ("चालतं" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. शेवटची मिसळ कुठे खाल्ली ते विचारा.)
- कांदा-लसूण, मांसाहार, शेंगदाण्याची ॲलर्जी? आपल्या निम्म्या स्वयंपाकात शेंगदाणे असतात.
- किती चालवेल? गुडघ्यांचं काही?
- मुक्काम की त्याच दिवशी परत?
- कशात रस आहे: देऊळ, इतिहास, शेत, खाणं, फोटो?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याला वाटतं, पाहुणा आला की मंदिर दाखवलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला देवळात काही रस नव्हता. त्यांनी तासभर जिनिंगच्या फाटकाबाहेर उभं राहून कापसाचे ढीग बघितले आणि परत जाताना तेच सांगितलं.

३. गाडी: जळगाव की अमळनेर?

इथे दर वेळी घोळ होतो. अमळनेर सुरत–भुसावळ मार्गावर आहे. मुंबईहून नाशिक, मनमाडमार्गे येणाऱ्या बहुतेक गाड्या जळगावला जातात, अमळनेरला नाही. पाहुणे ॲपवर "जळगाव जिल्हा" एवढं बघून जळगावचं तिकीट काढतात आणि पहाटे चारला फोन करतात, "उतरलो, कुठे आहेस?" तिथून रेल्वेनं किंवा एसटीनं पुढे तास-दीड तास लागतो. तिकीट काढण्याआधीच त्यांना दोन्ही पर्याय लिहून पाठवा. धुळ्याकडून येणाऱ्यांना एसटी सोयीची, साधारण तासाभराची वाट.

दुसरा घोळ अजिंठ्याचा. पाहुण्यांनी गुगलवर "जळगाव" टाकलेलं असतं आणि पहिला फोटो लेण्यांचा येतो. "मग अजिंठाही करूया ना!" नाही करायचं. अमळनेरहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि गाव राहतं बाजूला. लेणी बघायचीच असतील तर वेगळा दिवस काढा, जळगावहून जा आणि सोमवार सोडून जा. सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं. माझ्या एका मित्रानं दोन्ही दिवस उलटे लक्षात ठेवले होते आणि सलग दोन दिवस दोन फाटकं बघून परत गेला.

४. कागदपत्रं आणि सामान

पाहुण्यांनी आणायचं:

- मूळ ओळखपत्र. लॉजवर फोनमधला फोटो दरवेळी चालेलच असं नाही.
- पायात मोजे. देवळाच्या फरशीवर दुपारी अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर चालणं, मोजे घालून जाऊ देतात.
- टोपी किंवा मोठा सुती रुमाल.

तुम्ही तयार ठेवायचं:

- पाण्याचा वीस लिटरचा जार गाडीत. बाटल्या पुरत नाहीत.
- ओआरएसची पाकिटं, लिंबू, मीठ, साखर.
- सुट्टे पैसे. चहावालासुद्धा आता क्यूआर कोड लावतो, पण रेंज नसली की अडतं.
- एक कांदा. आमची आजी उन्हात निघणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात कांदा घालते, लू लागू नये म्हणून. उपयोग होतो का ते डॉक्टरांना विचारा, पण बंगळुरूच्या मुलांनी त्या कांद्याचे जेवढे फोटो काढले तेवढे किल्ल्याचे काढले नाहीत.

पाहुणा परदेशी असेल आणि तुमच्या घरीच मुक्काम करणार असेल तर एक काम विसरू नका. परदेशी नागरिकाला घरी ठेवलं तर त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. हे काम लॉजवाले करतात, पण घरी राहिला तर ते घरमालकाच्या अंगावर येतं. ऑनलाइन होतं, पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो लागतात. "दोन दिवसांचा तर प्रश्न" म्हणून सोडून देऊ नका.

आणि बाथरूम. हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. दिवसाच्या आखणीत दर दोन तासांनी एक स्वच्छ जागा हवी: ओळखीचं घर, कॉलेज, बरं हॉटेल. बायका-मुली पाहुण्या असतील तर त्या विचारायला संकोचतात, पाणी पिणं कमी करतात आणि वरच्या पहिल्या मुद्द्यात सांगितलेला प्रकार होतो. माझ्या बहिणीनं मला हे शिकवलं, तेही मी तीन वेळा चुकल्यावर.

५. सकाळी साडेसहा ते अकरा: गाव

चहा घरी, नाश्ता बाहेर. पोहे किंवा गरम भजी. पहिल्या चहालाच भरपेट खाऊ घालू नका, दुपारी पोटात जागा हवी.

*दगडी दरवाजा आणि बोरी नदी.* ऊन चढायच्या आत जुन्या गावात चालत फिरा. अमळनेरचा भुईकोट आता किल्ला म्हणून उरलेला नाही, पण दगडी दरवाजा गावाच्या मधोमध आहे आणि त्याच्या भोवती गाव आपलं चालूच आहे. पाहुण्यांना इतिहासापेक्षा हे बघायला आवडतं. तिथून नदीकडे. बोरीला पाणी असेलच असं सांगता येत नाही. "ही आमची नदी" असं म्हणून वाळू दाखवण्याची तयारी ठेवा. सखाराम महाराजांची समाधी नदीकाठी आहे आणि त्यांच्या वाडी संस्थानात सकाळची शांतता असते. वीस मिनिटं नुसतं बसू द्या. माहिती सांगत सुटू नका.

*तत्त्वज्ञान मंदिर.* हे नाव ऐकून पाहुणे चपला काढायला लागतात. सांगा की इथे देव नाही, पुस्तकं आहेत. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींच्या आश्रयानं ही संस्था उभी राहिली. कापडाची गिरणी चालवणाऱ्या माणसाला तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाचं संशोधन व्हावं असं वाटलं, एवढं सांगितलं तरी पाहुणा थांबतो. कलकत्त्याचे तत्त्वज्ञ के. सी. भट्टाचार्य १९३० च्या दशकात इथे संचालक होते. कोलकात्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी त्यांचं लिखाण अभ्यासाला वाचलेलं. तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला आणि बंगालीत पंधरा मिनिटं बोलत राहिली. मी बाजूला उभा. त्या दिवशी पुढची दोन ठिकाणं रद्द केली.

इथे फसगत कशी होते: लोक अचानक जातात, सुट्टी असते आणि ग्रंथालयाला कुलूप. आदल्या दिवशी जाऊन विचारून या. कुणाच्या अभ्यासात व्यत्यय येणार नाही असं वागा, आत फोटो काढायचे तर आधी विचारा.

*प्रताप हायस्कूल.* साने गुरुजी मूळचे कोकणातले, पालगडचे. अमळनेरला ते आधी तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मराठी पाहुण्यांना काही सांगावं लागत नाही, नाव घेतलं की आवाज आपोआप खाली येतो. इतर भाषकांना मात्र नुसतं "थोर समाजसुधारक" म्हटलं तर ते मान हलवतात आणि विसरतात. त्यांना छात्रालयाची गोष्ट सांगा. गुरुजी वसतिगृहाचे प्रमुख होते. मुलांसाठी ते हातानं लिहून "छात्रालय" नावाचं दैनिक काढायचे. रोज. कोकणातून आलेला एक शिक्षक खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी रात्री बसून वर्तमानपत्र लिहितो आणि सकाळी ती पोरं ते वाचतात! पुढे १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली.

शाळा चालू असताना आत घुसू नका. शिपाई दादांना विचारा, मुख्याध्यापकांना भेटा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेलं तर बरं.

*विप्रोचं फाटक.* बंगळुरूचे, हैदराबादचे आयटीवाले पाहुणे असतील तर हे सोडू नका. बाहेरूनच बघायचं, आत सोडत नाहीत आणि सोडा म्हणून भांडूही नका. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तेलाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. विप्रो हे नाव तिथूनच आलं. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून कारभार बघायला आले. गावातल्या ज्यांनी जुने शेअर्स जपून ठेवले ते पुढे कोट्यधीश झाले. पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे होते?" आमच्या आजोबांनी त्या पैशांत बैलजोडी घेतली. बैल चांगले होते म्हणतात.

माझा एक पाहुणा विप्रोमध्येच अकरा वर्षं नोकरीला होता. फाटकासमोर उभा राहून तो म्हणाला, "आम्हाला जॉइनिंगच्या वेळी स्लाइड दाखवतात ना, ती ही जागा?" मग त्यानं गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र बॅगेतून काढलं, घातलं आणि फोटो काढून घेतला.

*मंगळग्रह मंदिर.* चोपडा रस्त्यावर. मंगळाची मूर्तिरूपात पूजा होणारी देवळं मोजकी आहेत, त्यामुळे लांबून लोक येतात. मंगळवारी रांग लागते. भाविक पाहुणा असेल तर मंगळवार आणि पहाट, नुसतं बघायचं असेल तर दुसरा कुठलाही वार. हे पाच मिनिटांचं आहे की दोन तासांचं ते वारावर ठरतं, म्हणून आधीच कॅलेंडर बघा.

ही सगळी ठिकाणं एका सकाळी होत नाहीत. तीन निवडा. मी साधारण नदी, तत्त्वज्ञान मंदिर आणि पाहुण्याच्या आवडीचं एक, असं करतो. साहित्याची आवड असलेला असेल तर प्रताप कॉलेजच्या आवारात नेतो, २०२४ चं साहित्य संमेलन तिथे झालं होतं. १९५२ सालीही अमळनेरात संमेलन झालं होतं, तेव्हा कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते.

६. दुपारचं जेवण घरीच

इथे तडजोड नाही. हॉटेलात नेऊन बसवलं तर पाहुणा खान्देशात आलाच नाही असं समजा.

हिवाळ्यात भरीत. शेतात करता आलं तर उत्तम. हिरवी-पांढरी मोठी भरताची वांगी तुराट्यांच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही. साल काढून लाकडी भांड्यात हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि सढळ हातानं तेल. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. सोलायचं काम पाहुण्यांना द्या. बोटं भाजतात, काळी होतात, पण त्यानंतर ते पाहुणे राहत नाहीत.

उन्हाळ्यात आमरस आणि मांडे. मांडे कसे होतात ते दाखवायचंच, नुसतं वाढायचं नाही. आमच्या काकू चुलीवर खापर उपडं घालतात. वस्त्रगाळ केलेल्या पिठाची सैल कणीक, आत पुरण. पोळपाटावर थोडंसं लाटलं की गोळा हातावर घेतात आणि मग लाटणं लागत नाही. या तळव्यावरून त्या तळव्यावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. पोळी आपल्याच वजनानं रुंदावत जाते, पातळ होते, आतलं पुरण दिसायला लागतं आणि आता फाटणार असं वाटतं तेवढ्यात काकू ती खापरावर अलगद पसरवतात. भाजली की रुमालासारखी घडी. कोचीच्या मैत्रिणीनं "मी करून बघू?" म्हटलं. काकूंनी दिली. अर्धी पोळी खापरावर, अर्धी चुलीच्या बाजूला राखेत. आजी मागून म्हणाली, "राहू दे वं माय, पहिला मांडा चुल्हाना." पहिला मांडा चुलीचा, हे आजीनं त्याच क्षणी तयार केलं असावं, मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाकी वर्षभर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. उकडून, कापून तुपात तळलेली बट्टी हातानं कुस्करायची, वर वरण, वर तूप. पाहुण्यांना कुस्करायला शिकवा, नाहीतर ते बट्टी बिस्किटासारखी चावत बसतात.

तिखटाचं गणित: घरात "कमी तिखट कर" सांगितलं की मिरच्या वीसऐवजी पंधरा होतात. पाहुण्यांचं एक वेगळं पातेलं काळा मसाला न घालता करायला सांगा आणि दही भरपूर ठेवा. आग्रह हा दुसरा धोका. आपल्याकडे ताटावर हात आडवा धरला तरी बट्टी पडते. पाहुण्यांना आधीच सांगा की पोट भरायच्या दोन बट्ट्या आधी "नको" म्हणायला सुरुवात करा.

७. टॉवेल-टोपी

जेवण झालं की आई आतून ताट आणणार. त्यात टॉवेल, टोपी, नारळ. बाई पाहुणी असेल तर ब्लाउजपीस, कुंकू. पाहुण्यांना याची कल्पना नसेल तर ते "अरे, हे कशाला, नको नको" करत हात मागे घेतात आणि आईला वाटतं काहीतरी चुकलं. त्यामुळे सकाळीच सांगून ठेवा: उभं राहायचं, टोपी घालू द्यायची, वाकून नमस्कार करायचा. एका जर्मन पाहुण्यानं ती पांढरी टोपी रात्री गाडीत बसेपर्यंत डोक्यावरून काढली नाही. स्टेशनवर हमाल दादांनी त्याला "राम राम आप्पा" केलं आणि त्यानंही हात जोडून "राम राम" केलं.

शेजारपाजारचे चहाला बोलावणार. तीन घरांच्या पुढे जाऊ नका. तिन्ही घरी साखर जास्तच असते.

८. दुपारी झोप

झोपू द्या. कूलरमध्ये पाणी आहे का ते सकाळीच बघा.

९. संध्याकाळ: पारोळा किंवा तापी

दोन्हींपैकी एकच.

*पारोळा.* अमळनेरहून वीसेक किलोमीटर. भुईकोट किल्ला १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी बांधला असं सांगतात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचं नाव पारोळ्याशी जोडलेलं आहे. हे सांगितलं की पडके बुरूजही पाहुणे नीट बघतात. खंदक, तटबंदी, आतली पडझड. झाडी वाढलेली असते, पायात बूट हवेत. अंधार पडायच्या आत बाहेर या. नंतर बाजारात फिरा.

*कपिलेश्वर.* नीम-मुडावदजवळ तापी आणि पांझरा मिळतात तिथलं महादेवाचं देऊळ. महाशिवरात्रीला यात्रा असते, एरवी निवांत. सूर्य पात्रात उतरतो तेव्हा घाटावर बसावं. पाण्यात उतरू नका. संगमाचं पाणी वरून शांत दिसतं, आत ओढ असते, आणि शहरातल्या पोहणाऱ्यांना स्वतःवर जरा जास्तच भरवसा असतो. आणखी एक सूचना: बरोबर गावातले नाना, बापू आले असतील तर तापीवरच्या रखडलेल्या पाडळसे धरणाचा विषय निघू देऊ नका. निघाला तर अंधार पडेपर्यंत तोच चालतो. पाहुण्यांना काही कळत नाही आणि नानांना थांबवता येत नाही.

गाडी दिवसभरासाठी ठरवा आणि डिझेल, टोल, थांबण्याचे पैसे धरून आधी आकडा बोलून घ्या. एकदा मी "बघू नंतर" म्हणालो होतो. नंतर बघायला मिळालं ते बिल.

१०. तीन वाक्यं अहिराणी

गाडीतल्या वेळात शिकवा. "कथा जाई राह्यना?" म्हणजे कुठे चाललात. "जेवन व्हयनं का?" म्हणजे जेवण झालं का. "भलतं गोड लागनं" म्हणजे फार छान लागलं. तिसरं वाक्य काकूंसमोर म्हटलं की डबा भरून मिळतो, हे अनुभवानं सिद्ध आहे. चावळताना, म्हणजे बोलताना, हेल चुकला तरी चालेल. लोक हसतात, पण मनापासून हसतात. यावल, रावेरकडे गेलात तर लेवा बोली ऐकू येईल, ती वेगळी. पाहुण्यांपुढे दोन्ही एकच आहेत असं म्हणू नका, ड्रायव्हर दुरुस्त करतो.

११. रात्री शेवभाजी

ढाब्यावर. दुपारचं घरचं झाल्यावर रात्री ढाबा चालतो. जाड तिखट शेव काळ्या रश्श्यात अगदी ताटात वाढताना पडली पाहिजे, आधीच टाकली तर गोळा होतो. म्हणून शेव वेगळी मागवा. "तर्री कमी" असं सांगा. ढाबेवाले दादा "हो" म्हणतील आणि नेहमीसारखीच आणतील. वरची तर्री चमच्यानं काढून आपल्या वाटीत घ्यायची. रात्री लांबच्या गाडीनं जाणाऱ्या पाहुण्याला एक वाटीच्या वर देऊ नका. यावर अधिक लिहीत नाही.

१२. बांधून द्यायचं

बिबडे (ज्वारीचे पापड), कळण्याचं पीठ, घरचा काळा मसाला, केळीचे वेफर्स. मसाला दोन पिशव्यांत, मग डब्यात, मग पुन्हा पिशवीत. एका मित्राच्या बॅगेत तो सांडला तेव्हा त्याच्या स्लीपिंग बॅगला पुढच्या दोन ट्रेकवर शेवभाजीचा वास येत होता आणि तंबूत त्याच्याशेजारी झोपायला कुणी तयार नव्हतं.

आणि प्रत्येक पाकिटावर मार्करनं लिहा, काय आहे आणि कसं खायचं. मी बिबड्यांवर लिहिलं नव्हतं. आठवड्यानं कोलकात्याहून फोन आला. "हे फार छान आहेत, पण खूप कडक आहेत रे. बाबा चहात बुडवून खातात." तेव्हापासून मोठ्या अक्षरांत लिहितो: तळून किंवा भाजून.